वाघ नाही, वेळ नाही, मग कॅमेरा विकून टाकू का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात आणि ओळख गाळून:

या ताई नागपूरच्या, चाळिशीच्या आसपास, एका ऑफिसात अकाउंट्स बघतात. घरात नवरा, पाचवीतली मुलगी आणि गुडघ्यांनी हैराण झालेल्या सासूबाई. काही वर्षांपूर्वी स्वतःच्या बोनसमधून डीएसएलआर, म्हणजे लेन्स बदलता येणारा कॅमेरा घेतला, सोबत १८-५५ आणि ५५-२५० अशा दोन लेन्स (आकडा जितका मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं). शहरातल्या हौशी फोटोग्राफर लोकांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये आहेत, तिथे दर रविवारी रात्री ताडोबा, पेंच, उमरेडच्या जंगलांतल्या वाघांचे फोटो येऊन पडतात. यांचं जाणं होत नाही. मे महिन्यात गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडयांचा फोटो ग्रुपवर टाकला तर कोणीतरी लिहिलं, “घरगुती छान.” तेव्हापासून कॅमेरा कपाटात. नवरा म्हणतो वापरत नाहीस तर विकून टाक. त्यांच्या डोक्यात आणखी दोन पर्याय आहेत. एक तर १५०-६०० ची मोठी लेन्स हप्त्यावर घ्यायची आणि ग्रुपसोबत जायला लागायचं, नाहीतर बारसं-वाढदिवसाच्या ऑर्डरी घ्यायच्या म्हणजे कॅमेऱ्याचे पैसे तरी निघतील. शेवटी विचारतात, “क्रिएटिव्हिटीला निसर्ग लागतो, शांतता लागते, माझ्या रोजच्या रामरगाड्यात दोन्ही नाही. की ती माझ्यातच नाहीये?”

ताई, नमस्कार.

तुम्ही कॅमेऱ्याबद्दल लिहिलंय, पण पत्रात सगळ्यात जास्त वेळा काय येतं तर रविवार. रविवारी सासूबाईंच्या पायांना तेल, रविवारी मुलीचा ड्रॉइंग क्लास, रविवारी आठवडाभराचे तुंबलेले कपडे, आणि त्याच रविवारी पहाटे चारला ग्रुपमधले सगळे भाऊ गाडीत बसून ताडोब्याला निघालेले असतात. त्यांच्या घरी कोणी विचारत असेल का हो, की आज आईचा नाश्ता कोण करणार? मला तर नाही वाटत. कोणीतरी करतच असेल.

म्हणून आधी दोन गोष्टी सुट्या करू. एक तक्रार अशी की मला घरातून निघता येत नाही. दुसरी अशी की माझे फोटो माझे मलाच आवडून नाही राहिले. तुम्ही दोन्ही एकात बांधल्या आणि त्यावर लाखाच्या घरातली लेन्स हा उपाय काढला. पहिली तक्रार लेन्सने सुटत नाही कारण लेन्स घरी आल्यावरही नाश्त्याचा प्रश्न तिथेच उभा, वरून दर महिन्याचा हप्ता. आणि दुसरी नुसतं जंगलात गेल्याने सुटेल याची खात्री मला नाही, ते पुढे सांगते.

आता अशा पत्राला लोक काय उत्तर देतात मला माहितीये. अहो निसर्ग काय ताडोब्यातच असतो का, कुंडीतल्या मोगऱ्यात बघा, स्वयंपाकघरातल्या वाफेत बघा वगैरे. खोटं नाही ते, मीही पुढे थोडं तसंच बोलणार आहे, पण बाईमाणसाला हे सांगताना मला अवघड होतं, कारण फिरून फिरून त्याचा अर्थ घरातच राहा असा निघतो आणि तो सल्ला आपल्याला आधीच सगळ्यांनी देऊन ठेवलाय. तेव्हा आधी जाण्याचं बघू, कुरडया नंतर.

महिन्यातला एक रविवार तुमचा. भिंतीवरच्या ज्या कॅलेंडरवर आपण सिलेंडर लावल्याची तारीख लिहितो ना, त्याच कॅलेंडरवर पुढच्या तीन महिन्यांचे तीन रविवार आत्ताच पेनाने गोल करा. “मी जाऊ का?” असं विचारलं की घरात चर्चा सुरू होते, आणि चर्चेत तुम्ही हरणार हे तुम्हाला आणि मला दोघींनाही माहितीये. “त्या दिवशी सकाळी मी नाहीये” एवढं सांगितलं की लोक आपापली सोय बघतात. सासूबाईंना तुमच्याच हातचं लागतं असं लिहिलंय तुम्ही. एखाद्या रविवारी चौकातून तर्री पोहे आले तर त्या रागावतील हे तुम्ही धरून चाललात, मला तर शंका आहे की त्या पुढच्या रविवारी स्वतःच विचारतील, आज तू जाणार नाहीस का म्हणून.

आणि पहिल्याच झटक्यात ताडोबा नको. पहिला रविवार आपल्या नागपुरातलंच गोरेवाडा नाहीतर अंबाझरी, उजेड फुटताना निघायचं आणि ऊन डोक्यावर चढायच्या आत घरी. घरालाही सवय व्हायला लागते. ते जमलं की उमरेड-करांडला, तिथे एका दिवसात जाऊन येणं होतं. सफारीच्या जिप्सीत ६ पर्यटक बसतात, म्हणजे एक अख्खी गाडी तुमच्याच माणसांची होऊ शकते. ग्रुपमध्ये आणखी बायका असतीलच, तुमच्यासारख्याच गप्प बसून वाघ बघत असतील, त्यातल्या दोघींना वेगळा मेसेज करून बघा. घरच्यांना घेऊन गेलात तर मात्र ती सहल आहे हे मनाशी पक्कं करून जा, मुलीला पाणी हवं असतं, नवऱ्याला वाघ हवा असतो आणि कॅमेरा मांडीवरच राहतो. तीही मजा आहेच, पण तुमचा रविवार म्हणून ती मोजू नका.

आता लेन्स. तुमच्याकडे जी ५५-२५० आहे ती तुमच्या कॅमेऱ्यातल्या फोटो टिपणाऱ्या छोट्या सेन्सरवर साधारण ४०० सारखं काम करते, रस्त्यावर चालत येणाऱ्या वाघाला ती पुष्कळ झाली. १५०-६०० दोन किलोच्या आसपास जड, पूर्ण झूम केली की ६.३ च्या पुढे उघडत नाही (हा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त आत येतो), म्हणजे पहाटेच्या जंगलातल्या त्या अपुऱ्या उजेडात आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची कमी उजेडात टिपण्याची ताकद, भराभर वर न्यावी लागते. आणि एक गोष्ट ग्रुपवर कोणी फारशी सांगत नाही. मे महिन्यात तापलेल्या जमिनीवरून गरम हवेच्या लाटा उठत असतात, दूरचा वाघ त्या लाटांमधून काढला की कितीही भारी लेन्स असो, फोटो पिठूळच येतो, मग माणूस घरी येऊन लेन्सला शिव्या घालतो. लांबच्या पक्ष्यांचं खरंच वेड लागलं तर गोष्ट वेगळी, पण तेव्हाही आधी एक-दोन दिवस भाड्याने घेऊन बघा. मानेला आणि खिशाला काय झेपतं ते कळेल. हप्ता चालू झाला की हौसेला हजेरीचं रजिस्टर लागतं, एक रविवार चुकला तरी पैसे वाया गेले असं वाटायला लागतं, आणि तुमच्याकडे वाया गेल्याच्या भावना आधीच भरपूर आहेत.

“घरगुती छान” बद्दल. लागलं तुम्हाला, समजतं. लिहिणाऱ्याने बहुतेक गाडीत बसल्या बसल्या अंगठ्याने टाइप केलं असेल आणि विसरूनही गेला असेल. पण त्या ग्रुपवरचे वाघ तरी एकदा नीट बघा, रविवारचे सगळे एका ओळीत लावून. तोच पांढरा धुळीचा रस्ता, तीच समोरून येणारी चाल, जिप्सीतून उभं राहून काढलेला तोच कोन. वाघ भन्नाट आहे, त्यात वाद नाही, आणि दिसल्याचा आनंदही खरा, मीही वाघ दिसला की येड्यासारखी बटण दाबत सुटते. पण त्यात फोटो काढणाऱ्याचं काय आहे? बरेचदा नंबर लागला एवढंच. आपल्या नागपुरात मारबतीच्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, तिथेही हेच चालतं, माणसांपेक्षा कॅमेरे जास्त आणि सगळ्यांचे काळ्या-पिवळ्या मारबतीचे फोटो सारखे. तुम्ही नैसर्गिक आणि घरगुती अशी जी वाटणी केलीय आणि पहिल्या खान्यातलं सगळं क्रिएटिव्ह, दुसऱ्यातलं सगळं सामान्य असं धरलंय ना, ती मला पटत नाही. क्रिएटिव्हिटीला शांतता लागते हेही अर्धंच पटतं, सफारीच्या गेटवर सकाळी जी शांतता असते ती तुम्ही बघितलेली दिसत नाही.

तरीपण एक कडू बोलू का? तो कुरडयांचा फोटो कदाचित खरंच जमला नसेल. मी तो बघितला नाही, तुम्ही वर्णन केलंय तेवढंच, भर दुपारी, उभं राहून वरून, पांढऱ्या कापडावर पांढऱ्या कुरडया. आता बघा, आपलं नागपूर कर्कवृत्ताच्या थोडं खाली आहे म्हणून वर्षातून दोनदा सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर येतो, एकदा मेच्या शेवटच्या आठवड्यात, नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे ते नऊ दिवस, लागतो त्याच सुमारास, आणि पुन्हा जुलैच्या मध्यात, तेव्हा बहुतेक ढग असतात म्हणून कळत नाही. त्या दिवसांत उभ्या काठीची सावली पडत नाही तर कुरडयांची काय पडणार. सावली नाही म्हणजे उठाव नाही, सगळं चपटं. त्यात कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर पांढऱ्या ढिगाला राखाडी करायला बघतं, त्याला एक्सपोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, प्लस एकने वर ढकलावा लागतो, नाहीतर कुरडया मळक्या दिसतात. हेच तुम्ही सकाळी सातला, गच्चीवर मांडी घालून बसून, ऊन समोरून येतंय अशा बाजूने काढलं असतं तर एकेका तारेची सावली कापडावर पडली असती.

म्हणजे अडचण विषयाची नव्हती, वेळेची आणि उभं राहण्याच्या जागेची होती, ती दुरुस्त होते.

पण त्याच्याही खाली एक गोष्ट आहे असं मला वाटून राहिलंय. तुम्ही तो फोटो वाघ मिळाला नाही म्हणून काढला. उरलेल्या वेळात, उरलेल्या मनाने. कुरडयांचं खरं काम तर पहाटे चालतं, चीक शिजवताना सासूबाई पातेल्याशी बसलेल्या, गुडघा एकीकडे लांब केलेला, वाफ, सोऱ्या दाबताना मनगटावर उठलेल्या शिरा, मुलगी कच्चा चीक खायला मध्ये मध्ये करतेय आणि ओरडा खातेय. तुम्ही पत्रात हे सगळं चार ओळींत लिहिलंय, इतकं छान लिहिलंय, आणि फोटो काढला तो माणसं निघून गेल्यावरच्या कापडाचा. का बरं? तुम्हीच लिहिलंय पुढे, सासूबाई म्हणतात माझा नको काढू, मी कशी दिसते, आणि तुम्हाला त्यांच्याकडे कॅमेरा रोखायला संकोच वाटतो. ताई, हे वाघापेक्षा कठीण काम आहे. जंगलात जनावर परवानगी देत नाही आणि नाहीही म्हणत नाही. घरातलं माणूस नाही म्हणू शकतं. आधी फक्त हात मागा, चेहरा नको म्हणून सांगा. काढलेला लगेच दाखवा. नको म्हणाल्या तर त्यांच्यासमोर डिलीट करा. एक फोटो छापून त्यांच्या हातात ठेवा, मोबाइलवर नाही, कागदावर. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत त्या स्वतःच सांगतील कुठून ऊन चांगलं येतं ते.

प्रागचा एक फोटोग्राफर होता, योसेफ सुडेक. पहिल्या महायुद्धात उजवा हात गेला, तरी जन्मभर मोठमोठे अवजड कॅमेरे ओढत फिरला. दुसऱ्या महायुद्धात शहर जर्मनांच्या ताब्यात, रस्त्यावर कॅमेरा घेऊन हिंडणं कठीण, तेव्हा १९४० पासून त्याने स्वतःच्या स्टुडिओच्या खिडकीचे फोटो काढायला घेतले, काचेवरचं दव, पलीकडचं वाकडं झाड, खिडकीतला ग्लास, आणि युद्ध संपल्यावरही कितीतरी वर्षं तेच काढत राहिला. त्याची ही गोष्ट सांगून लोक म्हणतात, बघा, घरात बसूनही कला होते. पण अर्धीच सांगतात. तोच सुडेक वेळ मिळाला की बेस्किडी डोंगरातल्या जुन्या जंगलात जाऊन पडून राहायचा आणि मोडून पडलेल्या झाडांचे फोटो काढायचा. त्याला खिडकीही हवी होती आणि जंगलही. तुम्हीही दोन्ही मागा, एकाच्या बदल्यात दुसरं घेऊ नका.

आता हाताशी काय आहे ते बोलू, यातलं बरंच तुमच्यासारख्या इतरांनाही चालेल. मुलीचे घरातले फोटो हलतात असं लिहिलंय. १८-५५ घरातल्या उजेडात फार उघडत नाही, म्हणून कॅमेरा आपोआप शटर हळू करतो आणि पोरगी काही थांबत नाही. शटर स्वतः १/२०० सेकंदाच्या आसपास धरा, आयएसओ १६०० किंवा ३२०० जाऊ द्या, थोडे दाणे आले तर येऊ द्या, हललेल्यापेक्षा दाणेदार बरा. खर्च करायचाच असेल तर १.८ पर्यंत उघडणारी साधी ५० ची लेन्स घ्या, मोठ्या लेन्सच्या किमतीपुढे तिचे पैसे किरकोळ आहेत. फक्त लहान खोलीत ५० तुमच्या कॅमेऱ्यावर जवळ जवळ वाटेल, भिंतीला पाठ टेकवून उभं राहावं लागेल, तेव्हा ३५ मिळाली तर आणखी बरं. दुकानात दोन्ही लावून बघा. आणि ट्यूबलाइट बंद करा हो, दिवसा खिडकीचा उजेड आणि ट्यूबचा उजेड एकत्र आला की चेहऱ्याचा एक गाल निळा आणि एक हिरवा येतो.

दुसरं, तुमच्या ऑफिसच्या गेटवर निंबाचं मोठं झाड आहे म्हणता, डबा खायला तिथेच बसता. त्या एका झाडाचं वर्षभर करा. आता जूनमध्ये निंबोळ्या पिकायला लागतील, मग कोकिळ, बुलबुल, साळुंक्या तुटून पडतात, खाली चिकट बियांचा सडा आणि त्यावरून घसरणाऱ्या स्कूटी. पावसात खोड काळंभोर होतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं झडतात आणि लगेच तांबूस पालवी, मग तो बारीक पांढरा मोहर, त्याचा वास संध्याकाळी येतो, फोटोत कसा येईल ते बघा. एखाद्या वाळक्या फांदीत तांबट भोक पाडताना दिसला तर लांबूनच काढा, घरट्याच्या जवळ जाऊन, फांद्या बाजूला करून काढू नका. ग्रुपमध्येही कोणी तसा फोटो टाकला तर वाहवा करू नका, मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावणाऱ्यांचीही नको. आणि झाडाखाली फक्त पक्षी नसतात, चहावाला असतो, डबा उघडणाऱ्या तुमच्या मैत्रिणी असतात, सायकल टेकवून झोपणारा कोणीतरी असतो. डब्याच्या वेळेला कॅमेरा न्यायचा कंटाळा आला तर मोबाइलने काढा, कोणी मार्क कापत नाही.

महिन्याच्या शेवटी त्यातले चार छापून घ्या आणि फ्रिजवर लावा. बाकीचे डिलीट करायला जमलं तर फारच छान, हे सगळ्यांनाच जड जातं. ग्रुपवर मत मागू नका, निदान सहा महिने तरी. मत हवंच असेल तर असं एक माणूस शोधा जे फोटोकडे दोन मिनिटं बघू शकतं. ते फोटोग्राफरच पाहिजे असं नाही, तुमची मुलगी ड्रॉइंग शिकते ना, तिला विचारा यात तू काय ठेवलं असतं आणि काय काढून टाकलं असतं.

ऑर्डरींबद्दल. घरात पैशाची खरी नड असेल तर जरूर घ्या, चांगलं काम आहे ते. पण तुमच्या पत्रात नड दिसत नाही, कॅमेऱ्याने स्वतःचे पैसे काढून दाखवावे असं दडपण दिसतं. बारसं बहुतेक रविवारीच असतं. शेकडो फोटो, घरी येऊन रात्री जागून एडिट, मग मावशीचे डोळे मिटले म्हणून फोन, आणि ओळखीतल्या माणसाकडे पैसे मागायचे कसे हा वेगळाच ताप. तुमच्या हॉलमधल्या मोठ्या टीव्हीने आजवर किती कमावले ते एकदा नवऱ्याला विचारा, भांडायच्या सुरात नको, हसत हसत विचारा.

विकायचं तर आज घाई करण्यासारखं त्यात काही नाही. सगळे मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांकडे वळलेत, जुन्या डीएसएलआरला भाव काही खास येत नाही, आणखी वर्षभर ठेवला म्हणून मोठं नुकसान नाही. वर्षानंतरही कपाटातच असेल तर एखाद्या कॉलेजातल्या पोट्ट्याला स्वस्तात देऊन टाका आणि मोकळ्या व्हा. छंद सोडणं हा काही गुन्हा नाही. पण आत्ता तुम्ही सोडताय तो छंद सोडायचा म्हणून नाही, कोणाच्या तरी दोन शब्दांवरून, आणि ते मला बघवत नाही.

आणि क्रिएटिव्हिटी तुमच्यात आहे की नाही याचं उत्तर मी देऊ शकत नाही, बाप्पा, ते काही रक्ताच्या रिपोर्टमध्ये येत नाही. चीक शिजवण्याचं ते वर्णन ज्या बाईने लिहिलं तिला बघता येतं एवढं मी सांगू शकते.

जाण्याचं तेवढं मात्र लांबवू नका. ताडोबा आणि पेंचचा कोअर, म्हणजे जंगलाचा आतला मुख्य भाग, १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतो, म्हणून जूनमध्ये उमरेड उरकून घ्या आणि ताडोब्याची तारीख नोव्हेंबरातली धरा. उन्हाळ्यात जनावरं पाण्यावर येतात म्हणून वाघ जास्त दिसतो, थंडीत तेवढा भरवसा नाही, पण गवत उंच असतं, सकाळी धुकं असतं आणि गरम हवेच्या लाटा नसतात, तुमच्या २५० ला ते दिवस सोपे जातील. स्वेटर, कानटोपी आणि कॅमेऱ्याची जास्तीची बॅटरी न्या, थंडीत बॅटरी लवकर उतरते. बुकिंग ऑनलाइन होतं, तुम्ही स्वतःच्या नावाने करा, आणि बुकिंगला जे ओळखपत्र टाकाल तेच सोबत ठेवा, गेटवर तेच बघतात.